दक्षिणेचा मंद वारा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७:१-४४, २८:१-१०



वर दिलेला शास्त्रपाठ सावकाश वाचून मगच पुढील ओळींकडे वळावे, अशी नम्र विनंती आहे. या अध्यायावर मी अनेकदा उपदेश केला आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एकच चूक केली आहे. रात्री देवदूत पौलाजवळ उभा राहिला, त्याने धीर दिला, कोणाचाही प्राण जाणार नाही असे सांगितले आणि तसेच घडले. एवढे सांगून मी खाली बसत असे. वादळात प्रभू आपल्याबरोबर असतो हे सत्य आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु चव्वेचाळीस वचनांच्या या अध्यायात देवदूताच्या वाट्याला दोनच वचने आली आहेत. बाकीच्या वचनांत वारा कोणत्या दिशेचा होता, गलबत खालून दोरांनी कसे आवळले, पाण्याची खोली किती वाव भरली, वरामाकडून किती नांगर टाकले, किती दिवस कोणी अन्नाला शिवले नाही, हे सारे आहे. लूक वैद्य होता. येथे तो खलाशासारखा लिहितो. पवित्र आत्म्याने एवढा तपशील त्याच्याकडून उगाच लिहवून घेतला असेल काय?

प्रसंग असा आहे. पौल बंदिवान आहे. यूल्य नावाच्या शताधिपतीच्या पहाऱ्यात त्याला रोमकडे नेत आहेत. गलबत आलेक्सांद्रियाचे, त्यात गहू भरलेला आणि माणसे दोनशे शहात्तर. वाऱ्याशी झगडत ते क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला सुंदर बंदर नावाच्या जागी पोहोचले, तेव्हा उपासाचा दिवस उलटून गेला होता. उपासाचा दिवस म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस. तो सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरात येतो. भूमध्य समुद्रात त्यानंतरचा प्रवास धोक्याचा मानला जाई आणि नोव्हेंबरपासून तर समुद्र जवळजवळ बंदच असे. आपल्या कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात, तशीच त्यांचीही रीत होती.

पौलाने इशारा दिला की या प्रवासात मालाची आणि प्राणांचीही हानी होईल. येथे एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. करिंथकरांस लिहिलेले दुसरे पत्र या प्रवासाच्या आधीचे आहे, आणि त्याच्या अकराव्या अध्यायात पौल सांगतो की तोपर्यंत तीनदा त्याचे तारू फुटले होते. म्हणजे हा माणूस समुद्र ओळखत होता. त्याच्या इशाऱ्यात दर्शन होते की अनुभव होता, हे लूक सांगत नाही, आणि मला वाटते त्याची गरजही नाही. देवाने दिलेली अक्कल आणि सोसलेला अनुभव हीदेखील देवाचीच देणगी आहे.

शताधिपतीने कप्तानाचे व मालकाचे ऐकले. त्याला मूर्ख म्हणण्याची घाई आपण करू नये. एका कैद्याच्या सांगण्यापेक्षा जाणत्या कप्तानाचे म्हणणे त्याला अधिक वजनदार वाटले, यात नवल नाही. शिवाय ते बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे होते, आणि बहुतेकांचे मतही पुढे जावे असेच पडले. मग तेरावे वचन येते. दक्षिणेचा वारा मंद वाहू लागला आणि आपला बेत साधला असे त्यांना वाटले. त्यांनी नांगर उचलला. थोड्याच वेळात ईशान्येचा तुफानी वारा बेटावरून खाली कोसळला आणि पुढचे चौदा दिवस त्यांच्या हाती काही राहिले नाही.

माझ्या मते या अध्यायातील सर्वांत धोक्याचे वचन तेरावे आहे. वादळाच्या वचनांत प्रत्येक जण जागा आहे, हात चालू आहेत, ओठांवर प्रार्थना आहे. तेराव्या वचनात मात्र कोणालाच काही करावेसे वाटत नाही, कारण हवा चांगली आहे.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षे मी खाडीकाठच्या एका लहान मंडळीची सेवा केली. एका फेब्रुवारीत पंचमंडळाच्या सभेत एका तरुण शिक्षिकेने सूचना मांडली की मंडळीतील एकटे राहणारे वृद्ध, आजारी व अपंग यांची यादी करावी, आणि पाणी भरले तर कोणी कोणाकडे धावायचे हे आधीच ठरवून ठेवावे. सभेचा अध्यक्ष मी होतो. मंदिराच्या रंगकामाचा विषय लांबला होता, जेवणाची वेळ झाली होती. हा विषय पुढील सभेत घेऊ, असे मी म्हणालो. पुढील सभेत मेळाव्याचा विषय होता. त्यापुढील सभेत कोणालाच त्याची आठवण राहिली नाही, आणि त्या बाईंनी पुन्हा आठवण करून दिली नाही. बाहेर छान ऊन पडले होते.

जुलैत एका रात्री भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले. आमच्या मंडळीतील एक वृद्ध विधवा खाडीलगतच्या खोलीत एकट्या राहत. पाणी पलंगाला लागले तेव्हा त्या पलंगावर उभ्या राहिल्या. पवित्र शास्त्र आणि पेन्शनचे कागद त्यांनी फडक्यात बांधून उराशी धरले होते. शेजारच्या घरातील मुलाने दार फोडून त्यांना पाठुंगळी बाहेर काढले. ते कुटुंब आपल्यापैकी नव्हते. सकाळी मी भेटायला गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, “पाळकसाहेब, रात्रभर मी स्तोत्रे म्हणत होते. दार वाजले तेव्हा वाटले, मंडळीचीच माणसे आली.” त्या तक्रार करीत नव्हत्या. जे झाले ते सांगत होत्या. मी त्यांच्यासाठी बिस्किटांचा पुडा नेला होता. तो कोठे ठेवावा हे मला कळेना.

आता ओडिशाच्या किनाऱ्याकडे पाहू. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महाचक्रीवादळ जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. परंतु माणसे वाऱ्यापेक्षा पाण्याने अधिक मेली. वादळाबरोबर समुद्राची लाट आत शिरली आणि जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात गावेच्या गावे धुऊन गेली. मृतांचा सरकारी आकडा दहा हजारांच्या घरात गेला. हवामान खात्याने सूचना दिली नव्हती असे नाही. पण सूचना ऐकून त्या कुडाच्या घरांतील माणसांनी जावे कोठे? रेड क्रॉसने आधीच्या वर्षांत तेथे काही पक्के निवारे बांधून ठेवले होते. ज्यांच्या जवळ ते होते अशा हजारोंचे प्राण वाचले. तसे निवारे थोडे होते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओडिशाने आपत्ती व्यवस्थापनासाठी राज्याचे स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला, त्याच्या आधीची ही गोष्ट आहे. किनाऱ्यावर खांबांवर उभे असलेले शेकडो निवारे बांधले गेले. त्यांपैकी अनेकांत एरवी शाळा भरते, त्यामुळे इमारत वापरात राहते आणि गावाच्या सवयीची होते. गावोगाव तरुणांना आणि बचत गटांतील स्त्रियांना शिकवून तयार केले. दर वर्षी सराव होऊ लागला. मग १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ नावाचे अतितीव्र वादळ आले तेव्हा त्याआधीच सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित जागी हलवले होते. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फनी’ आले. त्या वेळी सुमारे बारा लाख लोक हलवले गेले. दोन्ही वेळा घरांची, झाडांची, विजेच्या खांबांची अपरिमित हानी झाली, गरीब पुन्हा गरीब झाला. परंतु दोन्ही वेळा त्या राज्यातील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली.

दहा हजार आणि शंभराच्या आत. वीस वर्षांत समुद्र दयाळू झाला नाही. दोन वादळांच्या मधल्या शांत वर्षांत माणसे कामाला लागली होती.

येथे एखादा भाविक वाचक विचारील, आणि विचारावेच, की मग देवावरील भरवशाचे काय? एवढी तयारी करणे म्हणजे अविश्वास नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर याच अध्यायात आहे. चोविसाव्या वचनात देवाचे अभिवचन मिळाले आहे की गलबतातील सर्व माणसे पौलाला दिली आहेत. अभिवचन निरपवाद आहे, त्यात जर-तर नाही. काही दिवसांनी मध्यरात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा सुगावा लागतो. ते खोली मोजतात तो वीस वाव. थोडे पुढे जाऊन मोजतात तो पंधरा. खडकावर आदळण्याच्या भयाने ते चार नांगर टाकतात. मग नाळेकडून आणखी नांगर टाकण्याचे निमित्त करून लहान होडी पाण्यात सोडतात. त्यांचा बेत पळून जाण्याचा आहे. तेव्हा पौल शताधिपतीला काय सांगतो? जाऊ द्या, देवाने वचन दिले आहे, आपण सुखरूप आहोत, असे तो म्हणत नाही. हे खलाशी गलबतात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही, असे तो म्हणतो.

बंधुभगिनींनो, चोविसावे आणि एकतिसावे ही दोन वचने एकाच माणसाच्या तोंडची आहेत. देवाने अभिवचन दिले आणि ते पुरे करण्यासाठी त्याने खलाशांचे हात नेमले. खलाशांना जाऊ देणे हा विश्वास ठरला नसता. ती देवाची परीक्षा पाहणे ठरले असते. मंदिराच्या शिखरावर आपल्या प्रभूलाही हेच सुचवण्यात आले होते की उडी टाक, देवदूत झेलतील. प्रभूने उडी टाकली नाही.

पुढे पौल आणखी एक साधी गोष्ट करतो. पहाट होऊ लागताच तो सर्वांना जेवायला सांगतो, भाकर घेऊन सर्वांदेखत देवाची उपकारस्तुती करतो आणि स्वतः खाऊ लागतो. काही वेळाने सर्वांना पोहावे लागणार आहे, अंगात बळ हवे, हे त्याला कळते. उपकारस्तुती आणि पोटाची सोय यांत त्याने अंतर ठेवले नाही.

एका बोलण्यापासून मात्र आपण जिभेला आवर घालावा. कोठे पूर आला, वादळ झाले, की ही अमक्यांच्या पापाची शिक्षा, असे सांगणारे उपदेशक उभे राहतात. आपल्या व्यासपीठांवरूनही हे ऐकू आले आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हा ते यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, असा प्रश्न प्रभूनेच विचारला आणि त्याचे उत्तरही दिले. लूकाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढून पाहावा. एरसमाच्या माणसांचा अपराध एवढाच होता की ती गरीब होती आणि त्यांची घरे सखल जागी होती.

तर मंडळीने करावे काय? मी सरकारी पत्रक लिहीत नाही, पण काही गोष्टी नाव घेऊन सांगितल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत.

सर्वांत आधी ती यादी. एक साधी वही, तिच्यात एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, ऐकू न येणारे, गरोदर स्त्रिया, आणि प्रत्येक नावापुढे त्यांच्याकडे धावून जाणाऱ्या दोघांची नावे. दोघांची, कारण एक जण गावाला गेलेला असतो. १९९१ मध्ये बांगलादेशच्या किनाऱ्यावर वादळात सुमारे एक लाख अडतीस हजार माणसे मेली, त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी अधिक होत्या. मुलांना आणि घराला सोडून त्या वेळेवर निघाल्या नाहीत. कोण सहज निघणार नाही, हे शेजाऱ्याला ठाऊक असते, कचेरीला नसते. यादीत फक्त आपल्या मंडळीची नावे असावीत काय? माझी आजी ज्या पाठीवर बसून वाचली ती आठवून याचे उत्तर आपण आपल्याशी द्यावे.

मग मंदिराची किल्ली. आपली अनेक मंदिरे जुनी, भक्कम आणि उंच जोत्यावर आहेत. गावाला आसरा देण्यास याहून चांगली वास्तू बहुधा नसते. पण रात्री दोन वाजता किल्ली कोणाकडे? शौचालय आहे काय, पिण्याचे पाणी किती, चाकाच्या खुर्चीवरील माणूस पायऱ्या कसा चढेल? आणि मंदिर पूररेषेच्या आत असेल तर त्याला निवारा म्हणू नये, दुसरी जागा शोधावी.

या अंकाचे वाचक समुद्रापासून दूरही राहतात. इंदूर, नागपूर, रायपूर, हैद्राबाद येथील बंधूंना वादळाची लाट दिसणार नाही. पण आपल्या देशात दर वर्षी वीज पडून दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, त्यांत शेतात काम करणारे आणि झाडाखाली आडोशाला उभे राहिलेले पुष्कळ असतात. मोकळ्या मैदानातील आपल्या उंच शिखरावर वीजवाहक तार बसवली आहे काय आणि ती जमिनीपर्यंत अखंड आहे काय, हे कोणी शेवटचे केव्हा पाहिले? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ नावाचे मोबाइल ॲप केले आहे. तरुण संघाने ते शेतकरी सभासदांना बसवून द्यावे. उन्हाळ्याचीही हीच कथा. २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत शेकडो अधिक मृत्यू झाले, आणि २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा तयार केला. आपण मात्र मे महिन्यातही सकाळी अकराला पत्र्याच्या छताखाली उपासना सुरू करतो आणि वडीलधाऱ्यांना घेरी आली की पाणी शोधत फिरतो.

हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशारे आता बहुतेकांच्या कानांवरून जातात. रविवारच्या सूचनांमध्ये लग्नाच्या घोषणेनंतर ते वाचून दाखवण्यास अर्धे मिनिट लागते. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२, हे दोन क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

इशारा पोहोचणे किती मोलाचे असते, हे केरळ व तमिळनाडूच्या दक्षिण टोकाच्या मच्छीमारांना विचारावे. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी तेथे ‘ओखी’ वादळ उठले तेव्हा कित्येक होड्या आधीच खोल समुद्रात गेल्या होत्या. शेकडो माणसे मेली किंवा परतलीच नाहीत. त्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती होती. कोणत्या घरचा कोण परत आला नाही, याच्या याद्या त्या गावांतील चर्चनी केल्या. त्यानंतर नऊ महिन्यांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, केरळात महापूर आला. डोंगराकडील गावे बुडाली. तेव्हा त्याच किनाऱ्यावरील मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकांवर चढवल्या आणि समुद्रापासून दूर, कधी न पाहिलेल्या रस्त्यांवरून नेऊन पाण्यात सोडल्या. ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू सारेच त्यांत होते. त्यांनी हजारो लोकांना बाहेर काढले. त्यांच्यापैकी एक जण होडीजवळ पाण्यात ओणवा झाला आणि स्त्रियांनी त्याच्या पाठीवर पाय ठेवून होडीत चढावे म्हणून तसाच थांबला. वर्षभरापूर्वी ज्यांच्याकडे मदत वेळेवर पोहोचली नव्हती, ते कोणी न बोलावता निघाले होते.

शेवटी पुन्हा आपल्या गलबताकडे. ते फुटले. गहू समुद्रात गेला, तारू गेले, माणसे वाचली. कोणी पोहून, कोणी फळ्यांवर. मिलिता बेटावरील लोकांनी पावसात व थंडीत शेकोटी पेटवून सर्वांना जवळ घेतले. ज्यांची भाषाही या प्रवाशांना येत नव्हती अशी ती माणसे होती. आणि पौल, ज्याने देवदूत पाहिला होता, जो या दोनशे शहात्तरांचा आधार झाला होता, तो काय करीत होता? तो काटक्या गोळा करीत होता. त्या शेकोटीवर घालताच त्याला साप चावला, हे आपल्या सर्वांना आठवते. त्याआधीची काटक्यांची मोळी आपण विसरतो. मोठ्या संकटानंतर मदतीला जाणाऱ्या आपल्या मंडळांत भाषण करण्यास, फीत कापण्यास आणि छायाचित्रात उभे राहण्यास माणसे कमी पडत नाहीत. काटक्यांना पडतात.

आणखी एक तपशील लूकाने टिपला आहे. बेटाचा मुख्य पुब्ल्य याने त्यांचा तीन दिवस पाहुणचार केला. पण ते बेटावर तीन महिने राहिले. पहिल्या तीन दिवसांची मदत बहुतेक ठिकाणी पोहोचते, कधी कधी गरजेपेक्षा अधिक. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर भिजत पडतात. दुसऱ्या महिन्यात मुलांची पुस्तके, तिसऱ्यात छपराचे पत्रे, बियाणे, फाटलेली जाळी, बुडालेले शिलाई यंत्र, यांची आठवण ठेवणारा कोणी उरत नाही. आपल्या मंडळीने आपत्तीसाठी वर्गणी काढलीच तर तिचा निम्मा भाग तिसऱ्या महिन्यासाठी बाजूला ठेवावा, असे मी सुचवतो. पंचमंडळात याला विरोध होईल, मला ठाऊक आहे; तातडीच्या वेळी पैसा अडवून ठेवता काय, असे विचारतील. तेव्हा अठ्ठाविसाव्या अध्यायाचे दहावे वचन सभेत वाचून दाखवावे. तीन महिन्यांनी वाचलेली माणसे निघाली, तेव्हा बेटावरील लोकांनी त्यांना प्रवासासाठी लागणारे सर्व काही गलबतात आणून भरून दिले.